बोटांचा कारभार

मनगट किंचित आत वाकवून अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक एकमेकांस भिडवले, म्हणजे बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध, कातडीखाली, ताणलेल्या सुतळीसारखी एक उभी रेघ वर उठते. आणि ती काय आहे असे कोणासही विचारले, तर शाळेतल्या मुलापासून शेतावरच्या गड्यापर्यंत प्रत्येकजण निःशंकपणे सांगतो, की ती शीर आहे. मराठीत ‘शीर’ ह्या शब्दाचा अंमल फार मोठ्या मुलुखावर चालतो. रक्त वाहून नेणारी ती शीर; मान अवघडली म्हणजे आखडते तीही शीर; आणि कोपर कशावर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या, म्हणजे दुखावते तीही शीरच. मनगटावर उठणारी ही रेघ मात्र ह्या तिन्हींहून निराळी आहे. ती कंडरा आहे; म्हणजे स्वतः आकुंचन न पावणारी, परंतु स्नायूने आकुंचन पावून निर्माण केलेले बळ दूरवर नेऊन पोचवणारी, पांढरी आणि चिवट दोरी. काही माणसांच्या हातांत ही विशिष्ट कंडरा जन्मतःच नसते (पाश्चात्त्य ग्रंथांत हे प्रमाण शेकडा 15 च्या आसपास दिलेले असते) आणि तिच्यावाचून त्यांचे काहीही अडत नाही. उलट ज्यांना ती आहे, त्यांच्या एखाद्या बोटाची कंडरा निकामी झाली, तर शल्यवैद्य पुष्कळदा हीच काढून तिचे कलम तेथे बसवतात.

शब्दांचा हा घोटाळा केवळ बोलीपुरता नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘पेशी’ हा शब्द मांसासाठी, म्हणजे आज आपण ज्यास स्नायू म्हणतो त्यासाठी योजलेला आहे, आणि ‘स्नायू’ हा शब्द शरीर बांधून धरणाऱ्या तंतुमय बंधांसाठी. आधुनिक मराठीने स्नायू ही संज्ञा मांसाच्या नावे केली आणि मोकळी झालेली पेशी ही संज्ञा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या घटकास बहाल केली; त्यामुळे सुश्रुताने 500 पेशी, 900 स्नायू आणि 16 कंडरा सांगितल्या आहेत, हे विधान आजच्या मराठी वाचकाने सरळ वाचले, तर त्याचा भलताच अर्थ त्याच्या मनात उभा राहील. प्रेत गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री बुडवून ठेवावे आणि मग वाळ्यासारख्या तृणांच्या कुंच्याने थरामागून थर हलकेच घासून काढीत पाहावे, अशी त्या ग्रंथातील परीक्षणाची रीत आहे. मला असे वाटते, की ह्या रीतीत मऊ मांस आधी विरघळत असले पाहिजे आणि चिवट तंतू मागे उरत असले पाहिजेत. म्हणूनच बंधांची संख्या मांसापेक्षा इतकी मोठी भरली असावी. पायाच्या प्रत्येक बोटास तीन पेशी आणि तोच हिशेब हाताच्या बोटांसही, असे सुश्रुत सांगतो. येथे मात्र आजचे शारीरशास्त्र त्याच्यापासून पूर्णपणे वेगळे होते, आणि हा वेगळेपणाच हाताच्या सगळ्या रचनेची किल्ली आहे.

ती किल्ली अशी, की बोटांत स्नायू नाही. तळहाताच्या सीमेपलीकडे, पेरांच्या त्या सगळ्या चपळ मुलुखात, हाडे आहेत, सांधे आहेत, कंडरा आहेत, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, चरबी आणि त्वचा आहे. परंतु बोट हलवील असे मांस तेथे तोळाभरही नाही. बोट हलते ते दुसरीकडून आलेल्या ओढीने. उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरावा आणि डाव्या हाताची बोटे पेटीच्या पट्ट्यांवर चालवावीत तशी चालवून पाहावीत. म्हणजे पकडीखाली मांसाची जी खळबळ जाणवते, तीच बोटांच्या हालचालीचे उगमस्थान होय. हुकूम मेंदूतून सुटतो, अंमलबजावणी कोपराखाली होते, आणि परिणाम हातभर अंतरावर, नखाच्या टोकाशी, दिसतो. मधल्या सगळ्या अंतराची जबाबदारी कंडरांवर आहे. जर हे सगळे मांस बोटांतच भरले असते, तर बोटे केळ्यांसारखी जाड झाली असती आणि सुईत दोरा ओवणे तर सोडाच, दाण्यातून खडा निवडणेही माणसास जमले नसते.

ह्या व्यवस्थेचे आश्चर्य प्राचीनांनाही वाटले होते. माणसास हात आहेत म्हणून तो सर्वांत बुद्धिमान, असे अॅनॅक्झॅगोरसचे मत. तर तो बुद्धिमान आहे म्हणूनच त्यास हात दिले गेले, असा अॅरिस्टॉटलने त्यावर केलेला उलट पक्ष. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेन ह्याने अवयवांच्या उपयोगांवरील आपल्या प्रचंड ग्रंथाचा आरंभच हातापासून केला. 1543 साली व्हेसेलियसचा शारीरशास्त्रावरील युगप्रवर्तक ग्रंथ निघाला, तेव्हा त्यातील आपल्या चित्रासाठी त्याने मेंदू किंवा हृदय न निवडता, कातडी सोलून उघडा केलेला हात निवडला. 1632 मध्ये रेम्ब्रांने अॅम्स्टरडॅमच्या डॉक्टर टुल्पचे जे सुप्रसिद्ध चित्र रंगवले, त्यात टुल्पच्या चिमट्यात पकडलेला आहे तो बोटे वाकवणारा स्नायू, आणि त्याचा स्वतःचा डावा हात बोटे किंचित वाकवून त्याच स्नायूचे कार्य जणू श्रोत्यांस करून दाखवतो आहे. चित्रातील स्नायूंचा उगम शास्त्रशुद्ध आहे की नाही ह्यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला आहे. तो त्यांच्याकडे सोपवून मी एवढेच म्हणेन, की मृत हाताची ओढ आणि जिवंत हाताची हालचाल एकाच चौकटीत मांडणारी ती कल्पना ज्याची असेल, त्यास विषयाचे मर्म गवसले होते. पुढे 1833 साली सर चार्ल्स बेल ह्याने हातावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ईश्वराच्या योजकतेचा पुरावा हाताच्या रचनेतून द्यावा, हा त्याचा हेतू होता. डार्विननंतर तो युक्तिवाद पुष्कळांना पटेनासा झाला, तथापि बेलने केलेले हाताचे वर्णन त्यामुळे जुने झाले नाही.

आता तपशिलाकडे वळू. मनगटाची 8, तळहाताची 5 आणि बोटांची 14 अशी 27 हाडे एका हातात असतात, आणि त्यांच्यावर दोन प्रकारच्या स्नायूंचा अंमल चालतो. पहिले लांब स्नायू, ज्यांचे मांस कोपराखाली आणि ज्यांच्या फक्त कंडरा हातात. दुसरे आखूड स्नायू, जे तळहातातच जन्मतात आणि तळहातातच किंवा बोटांच्या मुळाशी संपतात. त्यांची संख्या, मोजण्याच्या रीतीप्रमाणे, 18 ते 20 भरते. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा दिसतो तो ह्यांचाच, करंगळीखालचा उंचवटाही ह्यांचाच, आणि तळहाताच्या हाडांच्या फटींतून बसलेले अस्थ्यंतर स्नायू व गांडुळासारखे बारीक चार कृमिरूप स्नायू हेही ह्याच वर्गातले. बळाचा मोठा वाटा लांबच्यांचा. पण बळ कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने पोचावे ह्याचा बंदोबस्त आखूडांकडे आहे.

हा बंदोबस्त नेमका कसा चालतो, ह्याचा पहिला भरीव खुलासा द्युशेन ह्या फ्रेंच वैद्याने केला. जिवंत माणसाच्या कातडीवरून विजेचा प्रवाह देऊन एकेक स्नायू वेगळा चेतवायचा, आणि ज्याचा तोच स्नायू लुळा पडला आहे अशा रुग्णाशी ते ताडून पाहायचे, ही त्याची पद्धत. आणि तिचे फलित त्याने 1867 च्या ग्रंथात मांडले. हाताच्या पाठीवरून येणारी लांब कंडरा बोट सरळ करते, अशी सर्वांची समजूत होती. ती बव्हंशी बोटाचा मुळाचा सांधाच उचलते, असे त्यास आढळले. पुढची दोन पेरे सरळ करण्याचे काम प्रामुख्याने अस्थ्यंतर आणि कृमिरूप स्नायूंचे. आणि हेच स्नायू त्याच वेळी मुळाचा सांधा वाकवतात. एकच स्नायू एक सांधा वाकवतो आणि त्याच्या पुढचे दोन सरळ करतो, हे प्रथम ऐकताना विपरीत वाटते. पण वरण-भात कालवून घास उचलणाऱ्या हाताकडे पाहावे. चारही बोटे मुळाशी वाकलेली, पुढची पेरे जवळजवळ सरळ, टोके एकत्र आलेली, आणि अंगठा मागून घास पुढे सारण्यास सिद्ध. ही ती स्थिती. दिवसातून दोनदा, कसलाही विचार न करता, आपण द्युशेनचा सिद्धांत ताटावर सिद्ध करीत असतो.

आणि हे स्नायू गेले, म्हणजे काय होते, ह्याचे ज्ञान आपल्या देशास फार मोठी किंमत देऊन झाले आहे. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांतील मज्जातंतूंस ग्रासतात, आणि कोपराच्या आतल्या बाजूने कातडीलगत जाणारा, करंगळीकडे उतरणारा मज्जातंतू त्यांचे वारंवार भक्ष्य होतो. तळहातातील बहुतेक आखूड स्नायूंची सनद ह्याच तंतूकडे आहे. तो निकामी झाला, की मुळाचे सांधे मागे कलतात, पुढची पेरे आत वळतात, आणि हात पक्ष्याच्या नख्यांसारखा दिसू लागतो. बोटांत बळ असते, कारण लांब स्नायू शाबूत असतात. मूठ वळते, पण वळताना पेरे आधी गुंडाळली जातात आणि वस्तू पकडीत येण्याऐवजी बाहेर ढकलली जाते. असा हात घास उचलू शकत नाही. घास उचलता न येणाऱ्या माणसाकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत आला, हे वरोऱ्याच्या आनंदवनाचा आणि अमरावतीच्या तपोवनाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी माणसास नव्याने सांगावयास नको.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड ह्यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ह्या हातांवर शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. कुष्ठरोग्याची बोटे झडतात ती रोगाने मांस कुजते म्हणून नव्हे, तर संवेदना गेल्याने चटके, जखमा आणि अतिदाब त्यास कळत नाहीत म्हणून, हे त्यांनी आग्रहाने मांडले. आणि मेलेल्या स्नायूंच्या जागी धडधाकट स्नायूची नेमणूक करता येते, हे करून दाखवले. मनगट उचलणारा एक स्नायू घ्यावा, त्याच्या कंडरेस पायातून काढलेल्या बारीक कंडरेची चार शेपटे जोडावीत, आणि ती तळहातातून चारी बोटांपर्यंत नेऊन, अगदी कृमिरूप स्नायू जेथे लागतो तेथे बांधावीत. शस्त्रक्रिया येथे संपते, पण रुग्णाचे शिक्षण येथून सुरू होते. कारण आजवर मनगट उचलण्यासाठी जी आज्ञा द्यावयाची, ती आता बोटे वाकवण्यासाठी द्यावयाची आहे, हे त्यास आठवडेच्या आठवडे शिकावे लागते, आणि माणसे ते शिकतात. मुंबईत डॉक्टर नोशीर अंतिया ह्यांनीही कुष्ठरुग्णांच्या हातांसाठी शल्यकर्म आयुष्यभर केले. ह्याच अनुभवातून ब्रँड ह्यांनी पुढे सहकाऱ्यांसमवेत प्रत्येक स्नायूचे माप काढले. स्नायूची जाडी त्याचे बळ ठरवते आणि त्याच्या तंतूंची लांबी तो किती ओढू शकेल हे ठरवते. म्हणून बदली नेमताना दोन्ही पाहिली पाहिजेत, हे साधे वाटणारे तत्त्व हातांच्या शल्यशास्त्रात आज पायाभूत मानले जाते.

ह्या मोजमापात कृमिरूप स्नायू सर्वांत चमत्कारिक ठरला. शरीरातील बहुतेक स्नायू हाडावर उगम पावतात. हा उगम पावतो दुसऱ्या एका कंडरेवर, म्हणजे बोट वाकवणाऱ्या खोल कंडरेवर, आणि जाऊन मिळतो बोट सरळ करणाऱ्या पडद्यास. वाकवणारा पक्ष आणि सरळ करणारा पक्ष ह्या दोहोंच्या मध्ये तो दुभाष्यासारखा बसला आहे. त्याचे बळ नगण्य, तंतू मात्र लांबलचक, आणि ताण जाणणारी सूक्ष्म इंद्रिये त्याच्यात असाधारण दाटीने भरलेली. त्यामुळे तो बोट हलवण्यासाठी आहे, की बोटात किती ताण आहे ह्याची खबर मेंदूस देण्यासाठी, हा प्रश्न अद्याप पुरता निकालात निघालेला नाही. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

हाताच्या पाठीकडची व्यवस्था त्या मानाने सोपी आहे. येथल्या कंडरा कातडीखाली उघड दिसतात आणि बोटांच्या मुळांच्या जरा अलीकडे तिरप्या पट्ट्यांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. टेबलावर पंजा पालथा ठेवावा, मधले बोट आत दुमडावे आणि मग बोटे एकेक करून उचलून पाहावीत. तर्जनी उचलते, करंगळी उचलते, अंगठा उचलतो. अनामिका मात्र जागची हलत नाही. कितीही निश्चय केला तरी हलत नाही, कारण दुमडलेल्या मधल्या बोटाने आपल्या कंडरेबरोबर शेजारणीचीही कंडरा पुढे ओढून धरलेली असते. तर्जनी आणि करंगळी ह्यांस सामाईक स्नायूखेरीज आपापला एकेक स्वतंत्र स्नायू दिलेला आहे. अनामिकेस तशी तरतूद नाही. तबल्याच्या घराण्यांनी शरीर चिरून पाहिले नव्हते, पण ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या कडेशी टेकून राहते आणि चाटेवर मोकळेपणी आघात करते ती तर्जनी. जे बोट स्वतंत्र नाही त्यास टेकू करायचे आणि जे स्वतंत्र आहे त्याच्याकडे बोल सोपवायचा, हे त्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रियाजातून जाणले होते.

पाठीकडच्याच दोन गोष्टी जाता जाता. अंगठा ताठ उचलला, की त्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेस एक खळगा पडतो. जुन्या लोकांनी तपकीर ओढण्यासाठी तो वापरला, आणि युरोपातील शारीरशास्त्रानेही त्यास तपकिरीच्या डबीचेच नाव दिले आहे. त्याच्या अंगठ्याकडच्या भिंतीतील दोन कंडरा एका अरुंद बोगद्यातून येतात, आणि तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आईच्या मनगटात पुष्कळदा येथेच सूज येऊन कळ उठते. फ्रिट्झ द केर्व्हें ह्या स्विस शल्यवैद्याने 1895 साली ह्या दुखण्याचे वर्णन केले. दुसरी गोष्ट क्रिकेटची. झेल घेताना चेंडू ताठ बोटाच्या टोकावर बसला, की शेवटचे पेर उचलणारी अगदी पातळ कंडरा सुटते आणि पेर लोंबते. दुखणे फार नसते म्हणून पोरे दुर्लक्ष करतात. खरे तर सहा ते आठ आठवडे ते पेर पट्टीने अखंड सरळ ठेवले, तर बहुधा चाकू लावावा लागत नाही.

अंगठ्यासंबंधी एक स्वतंत्र ग्रंथ होईल. मनगटाशी त्याचा सांधा खोगिरासारखा, दोन्ही दिशांना वळणारा. आणि तळहाताच्या समोर फिरून कोणत्याही बोटाच्या टोकास टोक लावण्याची मुभा त्यास आहे. त्याचे शेवटचे पेर वाकवणारा लांब, स्वतंत्र आणि दणकट स्नायू हे मनुष्याचे खास वैशिष्ट्य. चिंपांझीत तो वेगळा असा नसतो, आणि त्याची कंडरा असलीच तर दुर्बळ असते. जॉन नेपियर ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1956 साली हाताच्या सर्व पकडींची दोनच वर्गांत वाटणी केली: एक बळाची, जीत वस्तू बोटे आणि तळहात ह्यांच्यामध्ये आवळली जाते, दुसरी नेमकेपणाची, जीत ती अंगठा आणि बोटांची टोके ह्यांच्यामध्ये धरली जाते. पकड वस्तूच्या आकारावरून नव्हे, तर कामाच्या हेतूवरून ठरते, हे त्याने दाखवले. लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले झाकण आधी मुठीने फिरवावे लागते, आणि सैल झाले, की तेच झाकण आपोआप बोटांच्या टोकांवर येते. ओल्डुवाई घळीत सापडलेल्या प्राचीन हाताच्या हाडांचा अभ्यासही नेपियरनेच केला, आणि 1964 साली त्या प्राण्यास ‘कुशल मानव’ असे नाव देण्यात त्याचा वाटा होता. मराठीत पकडींची ही वाटणी फार पूर्वीपासून नांदत आहे. मूठ आणि चिमूट हे दोन शब्द आपण मापासाठी वापरतो, मूठभर तांदूळ आणि चिमूटभर हिंग. परंतु मुळात ते दोन पकडींचे शब्द आहेत. उकडीची पारी वाटीसारखी करून तिच्या काठास कळ्या पाडणाऱ्या बाईचा हात पाहिला, तर दोन्ही पकडी एकाच क्षणी नांदताना दिसतात. डाव्या तळहाताने पारी तोलून धरलेली असते, इतक्या हलक्या मुठीने, की ती दबू नये. आणि उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट तिची एकेक चुणी चिमटीत धरून, पुढे ओढून, सोडून देतात. उकड गरम असते, हात तेलपाण्याचा असतो, आणि तरीही चुणी फाटत नाही.

शेवटी त्या भागाकडे येतो, ज्याने शल्यवैद्यांस सर्वांत जास्त छळले. तळहाताकडून बोटे वाकवणाऱ्या दोन लांब कंडरा प्रत्येक बोटात जातात: एक उथळ, जी मधल्या पेरास लागते, आणि एक खोल, जी शेवटच्या पेरास. खोल असूनही पुढे जावयाचे असल्याने तिला वाट हवी; म्हणून उथळ कंडरा दुभंगते, खोल कंडरा त्या फटीतून आरपार निघून जाते, आणि दुभंगलेल्या दोन शाखा तिच्याखाली पुन्हा एकत्र येतात. अंगठ्याची एक आणि चार बोटांच्या आठ मिळून नऊ कंडरा मनगटाच्या बोगद्यातून एका मज्जातंतूसह येतात, आणि त्या दाटीत सूज आली म्हणजे तोच मज्जातंतू चेपून रात्री बोटे बधिर होतात. बोटात शिरल्यावर प्रत्येक जोडीस चिवट तंतूंच्या कमानींनी हाडालगत जखडलेले असते. ह्या कमानी नसत्या, तर बोट वाकवताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून वर आली असती आणि अर्धी ओढ वाया गेली असती. पहिली कमान जाड झाली, तर बोट वाकून अडकते आणि सोडवताना खट्कन आवाज होतो. पूर्ण मूठ वळताना, मनगटाच्या हालचालीसह, खोल कंडरा सुमारे सात सेंटीमीटर सरकते. माझ्या मते हाताचे सगळे कौशल्य ह्या सरकण्यात साठलेले आहे. स्नायू कितीही बळकट असो. कंडरा आपल्या बोगद्यात चिकटली, की ते बळ बोटापर्यंत पोचत नाही.

माझ्या एका मावशीचा हात मी लहानपणी पाहिलेला आहे. नारळ सोलताना कोयता निसटून डाव्या मधल्या बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने लागला. जखम इंचभरही नव्हती. रक्त थांबले, दोन टाके पडले, आठवड्याने टाके निघाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोट मात्र पुन्हा कधी वाकले नाही. मधले पेर धरून ठेवून ‘टोक वाकवा पाहू’ असे म्हणणे, आणि मग बाकीची बोटे सरळ धरून ‘मधला सांधा वाकवा’ असे म्हणणे, एवढ्या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेने खोल आणि उथळ अशा दोन्ही कंडरा तुटल्या आहेत की काय, हे त्याच दिवशी कळले असते. ती परीक्षा कोणी केली नाही. पुढची चाळीस वर्षे ती ताठ बोट सावरीत भाकरी थापत राहिली, आणि पीठ मळताना ते मध्ये येऊ नये म्हणून तिने हाताची एक निराळीच ठेवण करून घेतली होती.

तेव्हा दोन्ही कंडरा तुटल्या आहेत हे कळले असते, तरी तिचे बोट वाचलेच असते असे मात्र म्हणता येत नाही. तळहाताच्या मध्यापासून मधल्या पेरापर्यंतच्या ह्या टापूस, जेथे दोन कंडरा एकाच अरुंद बोगद्यात असतात, अमेरिकेतील स्टर्लिंग बनेल ह्याने कोणाच्याच हद्दीत नसलेल्या रणभूमीचे नाव दिले होते. येथे तुटलेली कंडरा लगेच शिवू नये, कातडी भरून येऊ द्यावी आणि नंतर कलम बसवावे, असा त्याचा सल्ला. कारण शिवलेली जागा भरून येताना भोवतालच्या भिंतीसही चिकटते, आणि मग दोरी जोडलेली असूनही सरकत नाही. 1944 सालच्या त्याच्या ग्रंथाने हे मत दीर्घकाळ प्रमाण ठरवले. त्यास पहिला धक्का स्वित्झर्लंडच्या क्लोद व्हेर्दां ह्याने 1960 च्या सुमारास दिला, आणि 1967 साली अमेरिकेतील केंटकीच्या हॅरल्ड क्लायनर्ट ह्याने ह्याच टापूत तत्काळ शिवलेल्या कंडरांचे असे परिणाम मांडले, की जमलेल्या शल्यवैद्यांना प्रथम ते खरे वाटेनात. टाका उत्तम होताच. परंतु खरे रहस्य टाक्यानंतरच्या व्यवस्थेत होते. नखास रबराचा पट्टा बांधून तो मनगटाशी अडकवावयाचा; रुग्णाने बोट स्वतः सरळ करावयाचे आणि रबराने ते परत वाकवावयाचे, म्हणजे शिवलेल्या कंडरेवर जोर न येता ती पहिल्या दिवसांपासूनच बोगद्यात मागेपुढे सरकत राहते. तुटलेली वस्तू स्थिर ठेवली तर जुळते, हा हाडांचा नियम. कंडरेस तो जसाच्या तसा लावल्याने पिढ्यान्‌पिढ्या बोटे ताठ राहिली. जुळणे आणि सरकणे ही दोन्ही एकाच वेळी साधली पाहिजेत. फार ओढले तर टाका सुटतो, फार जपले तर चिकटतो. आणि पहिल्या तीन आठवड्यांत कंडरा सर्वांत दुबळी असल्याने ह्या दोहोंमधली वाट अतिशय अरुंद असते.

अलीकडच्या काळात ही वाट थोडी रुंद झाली आहे. कॅनडाच्या डोनल्ड लालॉंड ह्याने पुरस्कारिलेल्या पद्धतीत रुग्णास झोपवीत नाहीत आणि दंडास पट्टाही आवळीत नाहीत. फक्त हाताचा तेवढा भाग औषधाने बधिर करतात. कंडरा शिवून झाली, की शल्यवैद्य हात थांबवतो आणि टेबलावर जागा असलेल्या माणसास सांगतो, की आता बोट वाकवा. बोट वाकते. उघड्या जखमेत टाक्याची गाठ कमानीच्या काठाशी येते, आणि ती तेथे अडते की आत निघून जाते, हे दोघेही पाहतात. अडली, तर गाठ बारीक करतात किंवा कमानीचा काठ थोडा सोडवतात, आणि त्यास पुन्हा बोट वाकवावयास सांगतात. गाठ कमानीखालून जाऊन परत आली, म्हणजेच कातडी शिवावयास घेतात.